अंगदुखीचा इतिहास आणि वर्सोव्याचा किनारा

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना अंगदुखीशी काय करायचंय? आमचं म्हणणं असं, की आपल्या दर्शनांचा आरंभच मुळी दुखण्यापासून होतो. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका उघडा. पहिल्याच कारिकेत तीन प्रकारची दुःखं येतात, आणि त्यांतल्या आध्यात्मिक म्हटलेल्या दुःखात शरीराचं दुखणंही मोडतं. आक्षेपही तो स्वतःच घेतो. वैद्य आहेत, औषधं आहेत, मग हा शास्त्राचा खटाटोप कशाला? त्यावर त्याचं उत्तर असं, की औषधाने दुखणं थांबतं खरं, पण नक्की थांबेल याची खात्री नाही आणि पुन्हा येणार नाही याचीही नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे पटायला भाष्याची गरज पडत नाही. (हशा)

तेव्हा आज आपण मोक्षाचा विचार बाजूला ठेवू. अंग का दुखतं, ते थांबवायला माणसांनी काय काय केलं, आणि कोणाचं दुखणं दुखणं म्हणून मोजलं गेलं, एवढंच पाहू. त्यासाठी आपण बसलोय ती जागा उत्तम आहे. वर्सोव्याच्या या एवढ्याशा पट्ट्यात अंगदुखीच्या इतिहासाची बरीचशी प्रकरणं भेटतात.

आधी भाषेकडे पाहू. मराठीत अंगदुखीला एक शब्द नाही, ढीगभर आहेत. ठणका, कळ, चमक, उसण, ठसठस, कसकस, शिणवटा. पोटरीत गोळा येतो, हाताला रग लागते, पायाला मुंग्या येतात, मान आखडते, पाठ धरते, पाऊल मुरगळतं, कंबर लचकते. हे नुसते अलंकार नाहीत, यांत निदान आहे. शिणवटा म्हणजे कामाने थकलेला स्नायू, तो झोपेने उतरतो. उसण म्हणजे स्नायू एकाएकी आवळला जाणं. ठणका म्हटलं की सूज किंवा पू असण्याचा संशय घ्यावा. मुंग्या आल्या तर मज्जातंतू दाबला गेला असण्याची शक्यता. आणि अंग कसकसतंय म्हटलं की आई कपाळाला हात लावून बघते, कारण ती तापाची चाहूल. 1975 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेचे 78 शब्द 20 गटांत लावून एक प्रश्नावली तयार केली. रुग्ण कोणता शब्द निवडतो यावरून दुखण्याची जात ओळखायची, ही त्यामागची कल्पना. जगभरच्या दवाखान्यांत ती वापरली गेली. आपल्या आज्या हेच करत होत्या, फक्त त्यांनी शब्द मोजले नव्हते.

उसणीवरून पायाळू आठवला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, असा आपल्याकडे समज. गावोगाव असा एखादा पायाळू असायचा आणि त्याला भारी मान असायचा. खरी गोष्ट अशी, की साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते. मधल्या काळात जो पाय लावील, तेल लावील किंवा गोळी देईल, त्याच्या नावावर ती जमा होते. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे मोठमोठ्या उपायांनाही लावायचं आहे.

आता कोळीवाड्यात जाऊ. वर्सोव्याची जुनी मासेमारी डोळीच्या जाळ्याची. भरती-ओहोटीच्या प्रवाहात जाळं लावून ठेवायचं आणि पाणी थंडावलं की ओढून घ्यायचं. पाण्याने आणि मासळीने जड झालेलं ते जाळं पूर्वी निव्वळ हातांनी ओढलं जाई. वल्ही मारायची तीही हातांनीच, आणि हाताला रग लागली म्हणून भरती थांबत नाही. 1950 नंतरच्या दशकांत होड्यांना इंजिनं बसली, पुढे जाळी ओढायला यंत्रं आली, आणि पुरुषांच्या खांद्यांचं ओझं काही अंशी उतरलं. बायकांचं? मासळी किनाऱ्याला लागली की उकिडवं बसून निवडायची, बोंबील वाळत घालायचे, पाटी भरायची, डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. रेल्वेचा लगेजचा डबा मिळाला तरी घरापासून स्टेशनापर्यंत आणि स्टेशनापासून बाजारापर्यंत पाटी डोक्यावरच. यंत्र होडीपर्यंत आलं, पाटीपर्यंत आलं नाही. आमच्या मते यांत्रिकीकरणाच्या इतिहासातली ही फार मोठी फट आहे, आणि तिच्याविषयी फारसं कोणी लिहीत नाही.

त्या पाटीखालची चुंबळ मात्र पाहण्यासारखी. कापडाचं एक वेटोळं. पण ते ओझ्याची टोचणी पसरवून टाकतं, पाटी डगमगू देत नाही, आणि भार मानेच्या मणक्यांवर सरळ उतरवतं. अंगदुखीवरचा हा उपाय कोणा वैद्याने सांगितलेला नाही, ओझं वाहणाऱ्या बायकांनीच शोधलेला आहे.

काम आणि दुखणं यांचा संबंध वैद्यकाच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. आपल्या आयुर्वेदात वेदनेचं नातं वाताशी. अतिव्यायाम, अतिचालणं, ओझं वाहणं यांनी वात बिघडतो, हे त्यात स्पष्ट आहे, आणि त्यावर तेल, शेक, विश्रांती. वाग्भटाने रोज अंगाला तेल लावायला सांगितलं, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून. पण रोजचं तेल कोणाला परवडणार? कष्टकऱ्याच्या घरी अभ्यंग उरला तो दिवाळीपुरता. युरोपात 1700 साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात हमाल आहेत, कोळी आहेत आणि दिवसभर बसून लिहिणारे कारकूनही आहेत. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली, तुझा धंदा काय? तीनशे वर्षं उलटली, तरी हा प्रश्न न विचारता गोळी लिहून देणारे दवाखाने आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

तोच प्रश्न मुंबईत विचारला गेला, पण तो डॉक्टरने विचारला नाही. गिरण्यांमध्ये तेव्हा पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम चाले, साच्यापुढे उभ्याने, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली. सत्यशोधक समाजाचा माणूस, 'दीनबंधु' चालवणारा. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारकडे दिला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, वेळेवर पगार, कामावर जायबंदी झाल्यास भरपाई. आता हा अर्ज जरा वैद्याच्या नजरेने वाचा. स्नायूला दुपारी विसावा, आठवड्याला एक दिवस झीज भरून काढायला, आणि उभं राहण्याच्या तासांना मर्यादा. अंगदुखीवर याहून चांगली उपाययोजना आजचा डॉक्टरही सांगणार नाही. सहा वर्षं झगडल्यावर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे कायद्याने तासही उतरत गेले. 1911 साली कापड गिरण्यांत बारा, 1922 साली अकरा, 1934 साली दहा, आणि 1948 च्या कायद्याने दिवसाला नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. रविवारी सकाळी आपण जे लोळत पडतो त्यामागे हा इतिहास आहे.

हमालांचं तसंच. डोक्यावर, पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो असावी अशी शिफारस केली होती. आपल्याकडे धान्याची गोणी शंभर किलोची असायची. ती पन्नासवर यावी म्हणून माथाडींना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. मणक्यातल्या चकतीला वेदान्त कळत नाही, तिला किलो कळतात.

आता आपण 1918 सालावर येऊ, कारण त्या साली वर्सोव्याचं नाव या इतिहासात ठळकपणे आलं. जून महिन्यात मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली, ती फार भयंकर. मराठी माणसांनी त्या साथीला नाव दिलं मानमोडी. जुनी माणसं मानमोडीच्या सालावरून वयं सांगत. नाव बघा. खोकल्यावरून दिलेलं नाही, तापावरून नाही, माणूस मान मोडल्यासारखा पडतो त्यावरून दिलेलं. डेंगीला हाडमोड्या ताप म्हणतात तोही असाच. चिकुनगुनिया हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, त्याचाही अर्थ सांध्यांनी वाकून जाण्याशी जोडलेला. हा रोग आपल्याकडे 1973 मध्ये बार्शीत येऊन गेला आणि 2006 मध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणावर पसरला. भाषा निरनिराळ्या, पण साथीत लोकांच्या लक्षात राहिलं ते दुखणंच.

त्याच 1918 सालच्या 25 डिसेंबरला वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच्या 'द सँड्स' नावाच्या बंगल्यात योग शिकवणारी एक संस्था सुरू झाली. द योगा इन्स्टिट्यूट. बंगला दादाभाई नौरोजींचा. दादाभाईंनी अखेरची वर्षं वर्सोव्यात काढली, 1917 च्या जूनमध्ये ते वारले. संस्था काढणारा तरुण एकवीस वर्षांचा, मणिभाई हरिभाई देसाई, पुढे श्री योगेंद्र म्हणून ओळखला गेला. गुजरातेतला, कुस्तीचा शौकीन, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकायला आलेला. माधवबागेत परमहंस माधवदासजींची गाठ पडली आणि शिक्षण सुटलं. गुहेतला योग त्याने संसारी माणसाच्या दिवाणखान्यात आणला. दुखणी घेऊन या, आसनं शिकून जा. वर्षभरात तो अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कजवळही त्याने संस्था काढली. परतल्यावर बरीच स्थलांतरं झाली आणि 1948 पासून संस्था सांताक्रूझला स्थिरावली.

माधवदासजींचा दुसरा शिष्य मराठी, जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. ते अमळनेरला शिक्षणकार्यात होते. तत्त्वज्ञानवाल्यांना अमळनेर म्हटलं की प्रताप शेठजींचं तत्त्वज्ञान मंदिर आठवतं, पण अमळनेरची ही दुसरी बाजूही आहे. कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनं करणाऱ्या माणसाला क्ष-किरणांपुढे उभं केलं. 1937 साली बी. के. एस. अय्यंगार पुण्याला आले. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे वापरून ताठरलेल्या शरीरांनाही आसन जमेल अशी सोय त्यांनी केली. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याशी त्यांची भेट 1952 मध्ये मुंबईतच झाली. वाजवून वाजवून शरीर थकलेला तो मोठा कलावंत पुढे त्यांचा शिष्य झाला.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. पाठदुखीवर आसन ही कल्पना पतंजलीची नाही. योगसूत्रांत आसनाला अवघी तीन सूत्रं आहेत आणि त्यांत कंबरेचा उल्लेख नाही. उपचार म्हणून योग ही बहुतांशी विसाव्या शतकाची निर्मिती आहे, आणि तिच्या जन्मस्थानांपैकी एक वर्सोवा आहे. यात योगाला कमीपणा नाही. जुनाट कंबरदुखीत योगाने थोडा ते मध्यम फरक पडतो, असं आजवरच्या चाचण्यांवरून दिसतं. चमत्कार नाही, पण नियमाने केला तर उपयोग आहे.

आमच्या मनात एक प्रश्न घोळतो तो वेगळाच. 'द सँड्स'मध्ये आसनं चालू होती तेव्हा जवळच्या कोळीवाड्यात पाट्या उचलल्या जात होत्या. थोड्याच दिवसांत, 1919 च्या जानेवारीत, मुंबईच्या लाखभर गिरणी कामगारांनी संप केला. एकाच महिन्यात अंगदुखीच्या दोन चिकित्सा सुरू होत्या. एक म्हणत होती, शरीर सुधारा. दुसरी म्हणत होती, काम सुधारा. आणि हे घडलं दादाभाईंच्या घरी! कष्टकऱ्याला जगायला किमान किती लागतं हे दाखवण्यासाठी ज्यांनी तुरुंगातल्या कैद्यावर होणारा खर्च आणि रयतेचं उत्पन्न शेजारीशेजारी मांडलं, त्या दादाभाईंच्या घरी. आमचा कौल विचाराल तर दोन्ही चिकित्सा लागतात. पण बारा तास उभं राहणाऱ्याला आधी स्टूल द्यावं, मग ताडासन शिकवावं.

बामाचा इतिहासही मुंबईचा. काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी 1893 मध्ये इथेच अमृतांजन काढलं. त्या पैशातून 1908 साली 'आंध्र पत्रिका' हे वृत्तपत्रही मुंबईतच सुरू केलं. खंडाळ्याच्या घाटातल्या 1830 च्या पुलाला लोक अमृतांजन पूल म्हणू लागले ते जाहिरातीच्या फलकामुळे. तो पूल 2020 च्या टाळेबंदीत पाडला, नाव मात्र अजून आहे. बामाने बरं का वाटतं? मेन्थॉल कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या तंतूंना चाळवतं, तिखट लेप उष्णता ओळखणाऱ्यांना. या तंतूंची किल्ली सापडली म्हणून डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. शिवाय मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलं की पाठीच्या कण्यात जणू एक दार असतं. चोळण्याचा, दाबण्याचा संदेश त्या दारात गर्दी करतो आणि वेदनेला वाट कमी मिळते. म्हणूनच लागलं की आपण आपोआप चोळतो. देकार्तला वेदना म्हणजे दोरी ओढली की वाजणारी घंटा वाटत होती. मध्ये दारवान असतो हे त्याच्या चित्रात नव्हतं. झोप न झालेली, काळजी, एकटेपणा यांनी हा दारवान ढिला पडतो आणि तेच दुखणं जास्त दुखतं. याचा अर्थ दुखणं मनाचे खेळ आहे असा मुळीच नाही. विशेषतः घरातल्या बाईला असं ऐकवू नये.

गोळीबद्दल थोडक्यात. डायक्लोफेनॅक माणसासाठी आलं, पुढे गुरांनाही टोचू लागले. औषध दिलेलं जनावर मेलं की गिधाडं ते खात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरत. देशातली गिधाडं जवळपास नाहीशी झाली, मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाजाची पिढ्यान् पिढ्यांची अंत्यविधीची रीत अडली. 2006 मध्ये गुरांसाठी ते बंद केलं. तीच गोळी आपण चहाबरोबर घेतो. वयस्कर माणसाने, मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने अशी गोळी मनाने आठवडे-आठवडे घेऊ नये. जठरालाही ती बाधते.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊ.

कंबर धरली तर किती दिवस पडून राहायचं? पूर्वी डॉक्टर आठवडा-दोन आठवडे फळीवर झोपवत. 1986 मध्ये अमेरिकेत दोन दिवस विश्रांती आणि सात दिवस विश्रांती यांची तुलना केली, तेव्हा दोन दिवसवाले लवकर कामाला लागले आणि दुखणं काही वाढलं नाही. तेव्हा एखाददुसरा दिवस ठीक, मग घरात हळूहळू हिंडाफिरायला लागावं.

संगणकावर काम करणाऱ्या मुलीची मान दुखते, असं एका ताईंनी लिहिलंय. आदर्श बैठक शोधत बसू नका, बैठक बदलत राहा. अर्ध्या-पाऊण तासाने उठावं, पडदा डोळ्यांच्या पातळीला असावा, आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम. सगळंच अंग महिनोन्‌महिने दुखत असेल तर ड जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर तपासून घ्यावी. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

ताप आणि अंगदुखी एकदम आली तर? पावसाळ्यात या भागात हे नेहमीचं. डेंगीचा संशय फिटेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल घ्यावं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप येऊन पोटऱ्या फार दुखल्या तर लेप्टोचा विचार करून लगेच दाखवावं. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने हे पाहिलंय.

घाबरायचं कधी? पायातली ताकद गेली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, कारण नसताना वजन उतरतंय, तर थांबू नये. छाती, डावा हात किंवा जबडा दुखून घाम फुटला, तर ती अंगदुखी समजून बाम चोळत बसू नये, सरळ इस्पितळ गाठावं.

शेवटची चिठ्ठी, शेक गरम की गार? पाऊल नुकतं मुरगळलंय, सुजलंय, तर पहिले एक-दोन दिवस बर्फ, फडक्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. जुनं, आखडलेलं दुखणं असेल तर गरम. मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून घेतली तरी चालते. मधुमेहामुळे पावलांची जाणीव कमी झाली असेल तर गरम आधी हाताला लावून बघा, नाहीतर कातडी भाजते आणि कळतही नाही.